बाटलीच्या आतल्या अंगाला

काकांनी तो आकडा सांगितला तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता, ओठांवर देवाच्या नावाची एक जुनी चाल होती, आणि आपण कुणाच्या पायाखालची जमीन काढून घेतोय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

"बाटलीबाई, तुमच्या टबात शिसं निघालं बरं का. चाळीस."

एवढं बोलून त्यांनी चहा फुंकला आणि चाल पुढे सुरू केली.

ज्यांना ते बाटलीबाई म्हणाले ती खरं तर धाकटी. दोन बहिणींतली लहान, म्हणून जन्मापासून धाकटीच. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पर्यावरण शाखेत पीएच.डी. करत होती, सहावं वर्ष चालू होतं. शहराच्या जुन्या वस्तीत घरोघरी रिकाम्या बाटल्या वाटायच्या आणि नळाच्या पाण्याने भरलेल्या गोळा करायच्या, हे तिचं काम. वस्तीतल्या लोकांनी तिला बाटलीबाई करून टाकलं आणि ते नाव तिच्याआधी धावत प्रयोगशाळेत येऊन पोचलं. तिथे काका होते. तीस वर्षं ते तिथली यंत्रं सांभाळत होते, आणि नाव ठेवण्याची एकही संधी त्यांनी कधी वाया घालवली नव्हती.

"कुठल्या टबात?" तिने विचारलं.

"तुमच्याच. तो काय, खिडकीखालचा, निळ्या झाकणाचा. सहा महिने झाले, अ‍ॅसिड टाकून द्यायचं होतं. टाकायच्या आधी यंत्रावर एकदा बघावं लागतं, रजिस्टरला लिहायला. तर चाळीस."

"काका, तो बाटल्या धुवायचा टब आहे."

"मग मी काय म्हणतोय? मळ धुण्याच्याच पाण्यात निघायचा. आणखी कुठे निघेल?"

काका हसले. धाकटीही हसली. माणसाचं असंच असतं, घर पडतं आणि तो आधी हसतो. मग हसू ओठांवरच राहिलं.

आता त्या टबाची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण सगळी मेख तिथेच आहे.

जुन्या वस्तीत रस्त्याखालून घरात येणारे पाईप शिशाचे होते, आजोबांच्या काळातले. शिसं पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला ते सावकाश खातं, पण लहान लेकराच्या मेंदूला आधी धरतं, आणि तिथून जे नेतं ते परत आणून देत नाही. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या वर ते नसावं असा नियम. दीड वर्षापूर्वी धाकटीने वीस घरांचं पाणी तपासलं, तर चौदा घरांत दहाच्या वर. पाणीपुरवठा खात्याची झोप उडाली. त्यांनी घरोघरी फिल्टरचे जग वाटले आणि पाण्यात एक औषध घालायला सुरुवात केली. त्या औषधाने म्हणे पाईपला आतून साय धरते आणि शिसं सायीच्या मागे कोंडलं जातं. ती साय धरली की नाही हे पाहायचं, हाच धाकटीचा प्रबंध.

चार महिन्यांपूर्वी तिने एकशेसाठ घरांचं पाणी आणलं. आकडे आले: दोन, एक, तीन, दोन. साय धरली होती! खात्याने वस्तीत पत्रं वाटली. तुमचं पाणी आता सुरक्षित आहे, फिल्टरची गरज उरलेली नाही. खाली दोन सह्या, एक खात्याच्या साहेबांची आणि एक धाकटीची.

आणि त्या एकशेसाठ बाटल्या रिकाम्या करून ज्या टबात धुवायला बुडवल्या, तो टब आता म्हणत होता, चाळीस.

पाण्यात शिसं नव्हतं. मग टबात कुठून आलं?

धाकटीने देवाचा धावा केला. लहानपणापासून तिला धावा करायची सवय होती, परीक्षेच्या आधी, दातांच्या डॉक्टरांच्या दारात. पण आजच्या धाव्यात खोट होती. देवा, टब दुसऱ्या कुणाचा निघू दे, असं ती म्हणत होती. देवाच्या दारात जाऊन दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायचं, ही आपली जुनीच खोड.

"काका, या टबात आणखी कुणी काही धुतलं असेल का?"

"कुलूप तुमचं. एक किल्ली तुमच्या गळ्यात, दुसरी माझ्या खिशात. भुताने धुतलं असेल तर माहीत नाही."

तिने वही काढली. चार महिने मागे गेली. त्या शनिवारचं पान सापडलं आणि तो दिवस जसाच्या तसा समोर उभा राहिला.

रीत अशी होती. पाणी ज्या बाटलीत भरलं, त्याच बाटलीत अ‍ॅसिड घालायचं, झाकण लावायचं आणि एक दिवस, एक रात्र तसंच ठेवायचं. कारण शिसं मोठं चिकट. ते पाण्यात तरंगत बसत नाही, जाऊन बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटतं. अ‍ॅसिडने ते सुटतं, पुन्हा पाण्यात येतं, आणि मगच यंत्राला दिसतं. वीस बाटल्यांच्या वेळी तिने सगळं असंच केलं होतं. पण त्या शनिवारी एकशेसाठ बाटल्या एकदम आल्या. अ‍ॅसिड संपत आलेलं. नवं मागवलं तर आठ दिवस. सरांना सोमवारी आकडे हवेत. पी हळद आणि हो गोरी! तेव्हा धाकटीने काय केलं? प्रत्येक बाटलीतलं चमचाभर पाणी छोट्या नळीत काढलं आणि अ‍ॅसिडचा थेंब नळीत घातला. पाणी तेच, अ‍ॅसिड तेच, फक्त क्रम बदलला. गाळ तळाशी ठेवून वरचं निवळ ओतून घ्यावं आणि म्हणावं, बघा कसं स्वच्छ आहे!

वहीत तिने लिहिलं होतं, "अ‍ॅसिड घातले." कुठे घातले, ते लिहिलं नव्हतं.

हे विसरून राहिलं नव्हतं. त्या शनिवारी पेन हातात धरून ती क्षणभर थांबली होती, हे तिला आता लख्ख आठवलं. मनात काहीतरी टोचलं होतं. आणि तिने पुढची ओळ लिहायला घेतली होती.

"काय गं पोरी?" काकांनी कप खाली ठेवला. चाल थांबली होती. "चेहरा का उतरला?"

"काही नाही. रजिस्टरला लिहिलंत का?"

"लिहिलं की. आकडा आला की लिहायचा. आपण कोण न लिहिणारे?"

*

मार्गदर्शक सरांना विद्यार्थी पाठीमागे दुर्बीण म्हणायचे. तीनशे पानांच्या प्रबंधात दोनशे सत्तराव्या पानावरची चूक त्यांना दारातून दिसते, अशी ख्याती होती. दारावर टकटक करताना धाकटीच्या काखेत वही होती आणि वाक्य तयार होतं. सर, माझ्याकडून एक चूक झाली आहे. सहा शब्द. जिन्यावरून येताना तिने ते वाक्य वीस वेळा घोकलं होतं.

"या, या! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला," सर फोनवर हात ठेवून म्हणाले. "पाणीपुरवठ्याचे साहेब आहेत. तुमचंच कौतुक चाललंय." मग फोनमध्ये म्हणाले, "हो, हो, समोरच उभी आहे. लाजते आहे."

धाकटी लाजत नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

फोन ठेवून सरांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "तुमच्या सादरीकरणाला नऊ दिवस राहिले. बाहेरचे दोन परीक्षक येतायत. साहेब म्हणतात, तुमच्या आकड्यांवर ते आता पलीकडच्या वस्तीतले पाईप बदलायचं रद्द करतायत. तिथेही औषधच. केवढं काम वाचलं बघा! बोला, काय आणलंय?"

सहा शब्द घशापर्यंत आले. समोर सरांचा चेहरा होता. सहा वर्षांत तिने तो इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

"सर, टबातलं जुनं अ‍ॅसिड टाकून द्यायचंय. त्या कागदावर तुमची सही लागते."

"एवढंच?" त्यांनी न वाचताच सही केली. त्या कागदावर वरून तिसऱ्या ओळीत काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, शिसं, चाळीस. दुर्बिणीला जवळचं दिसत नाही.

धाकटी बाहेर आली. जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहिली. आता काय? काही नाही, मनातला एक आवाज म्हणाला. अ‍ॅसिड उद्या जाईल. रजिस्टर कोण वाचतं? नऊ दिवस दम धर, मग सावकाश नव्याने तपास, हळूच पत्र पाठव. भीती माणसाशी अगदी शहाण्यासारखी बोलते, हे लक्षात ठेवा. ती कधी ओरडत नाही. ती वेळापत्रक आखून देते.

त्या वेळापत्रकात बाकी सगळं बसलं. एक गोष्ट बसेना.

ताई त्याच वस्तीत राहत होती. आणि ताईचं पिल्लू आठ महिन्यांचं होतं.

*

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर एक म्हातारे ड्रायव्हर खुर्ची टाकून बसलेले असायचे. धाकटीला पाहताच ते ओरडले, "बाटलीबाई आली! पुन्हा बाटल्या का गं? की आता पाण्याचं बारसं करायला आलीस?"

"नाही आजोबा. सहज."

"सहज ये. तुझ्या पत्रामुळे तो जग एकदाचा माळ्यावर गेला. नातवंडं ग्लासच्या ग्लास पितात."

ती पुढे काही न बोलता जिना चढली. प्रत्येक पायरीवर नातवंडं मोजत. दोन. का तीन?

दार उघडंच होतं. ताई पिल्लाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात उभी होती, शेगडीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं.

"ये बाई, ये. नऊ दिवसांनी डॉक्टरीण होणार, मग आम्हाला कुठली ओळखायला! हे धर." तिने पिल्लू धाकटीच्या हातात दिलं. "नाक पुस त्याचं. आणि असं काय बघतेस? भूत पाहिल्यासारखं?"

पिल्लू जड होतं, गरम होतं. त्याने मावशीचा चष्मा धरला. धाकटीने त्याचे डोळे पाहिले. बघून काय कळणार होतं? काही कळत नाही, तेच तर भयंकर आहे. शिसं लेकराच्या चेहऱ्यावर लिहून जात नाही. सहा-सात वर्षांनी वर्गात एखादं मूल फळ्याकडे बघत राहतं, आणि बाई म्हणतात, लक्ष नाही याचं.

"किती वेळ उकळतेस पाणी?" तिने विचारलं. आवाज कसाबसा नेहमीसारखा निघाला.

"दहा मिनिटं. चांगली पंधरा कधी कधी. तुझ्या पत्रात लिहिलंय सुरक्षित आहे, पण आईचं मन गं, आणखी थोडं उकळते. जंतू मरावेत."

उकळल्याने जंतू मरतात. शिसं मरत नाही. वाफ होऊन पाणी उडून जातं आणि शिसं मागे राहतं, जास्त दाट होऊन. ताई प्रेमाने जितकं जास्त उकळत होती, तितकं...

"फिल्टरचा जग कुठे आहे?"

"माळ्यावर. चार महिने झाले. का?"

ताईने पातेलं उतरवलं. पाणी निववलं. डब्यातली दुधाची पावडर चमच्याने सारखी करून घातली, बाटली हलवली, मनगटावर एक थेंब टाकून पाहिला. सवयीचे हात, एकही हालचाल जास्त नाही. मग पिल्लाला घेतलं, मांडीवर आडवं केलं. पिल्लाने तोंड उघडलं.

धाकटीने हात मारला.

बाटली फरशीवर आपटली, झाकण उडालं, दूध कपाटाखाली गेलं. पिल्लू दचकलं आणि रडायला लागलं.

"अगं आंधळी झालीस का?" ताई ओरडली. "धड बाटलीसुद्धा सांभाळता येत नाही, आणि म्हणे बाटलीबाई! आता पुन्हा पाणी उकळा. त्याला भूक लागलीये!"

"लागला हात चुकून. मी पुसते."

ती फडकं घेऊन खाली बसली. वर ताईने पुन्हा नळ सोडला. पाणी पातेल्यात पडल्याचा आवाज आला. धाकटी फरशी पुसत होती आणि मनात हिशेब करत होती. ही एक बाटली सांडली. रात्रीची? उद्या सकाळची? किती बाटल्या सांडशील? नऊ दिवसांच्या किती?

काडी ओढल्याचा आवाज झाला.

जाणती माणसं सांगतात, देव ठेच देतो ती डोळे उघडायला. खरं असेल. पण आपली ठेच दुसऱ्याच्या लेकराच्या पायाला लागत असेल तर डोळे मिटून कसं बसायचं? धाकटी फरशीवरून उठली नाही. तिथेच बसून, फडक्याकडे बघत म्हणाली, "ताई, ते पाणी ओतून टाक."

"का?"

"माझा आकडा चुकला. पाणी सुरक्षित आहे की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही."

ताईने शेगडी बंद केली. पिल्लू रडत होतं.

धाकटीने सगळं सांगितलं. टब, नळ्या, शनिवार, अ‍ॅसिड कुठे घालायचं आणि तिने कुठे घातलं. पेन थांबलं होतं, तेही सांगितलं. उकळण्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

"किती महिने झाले?" ताईने विचारलं.

"चार."

"रोज पाच बाटल्या," ताई म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. मग तिने पिल्लाचं डोकं हाताने झाकलं, पावसात झाकतात तसं.

धाकटी शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताईनेच तर आईच्या आजारपणात धाकटीची वेणी घातली होती, तिला शाळेत सोडून मग स्वतःच्या कॉलेजला उशिरा पोचली होती. ताई स्टुलावर चढली. माळ्यावरून जग काढला. धूळ होती त्याच्यावर. तो तिने धाकटीच्या पुढ्यात आपटला.

"धू. आतली गाळणी चालेल का जुनी?"

"नाही. नवी लागेल. खात्यात मिळेल."

"मग आत्ता विकतचं पाणी आण खालून. आणि येताना आजोबांच्या घरी सांग. तूच सांग. मी नाही सांगणार."

"ताई, सरांना सांगितल्याशिवाय वस्तीत सांगायची परवानगी नसते. नियम..."

ताईने तिच्याकडे पाहिलं.

धाकटी जिना उतरली.

आजोबा ऐकून हसलेच नाहीत. त्यांनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा जमलं नाही. मग आत वळून हाक मारली, "अगं, पोरांच्या हातातले ग्लास काढून घे!" ती हाक धाकटीच्या कानात जी शिरली ती पुढे कितीतरी दिवस बाहेर पडली नाही.

रात्रीपर्यंत तिने बावीस दारं वाजवली. प्रत्येक दाराशी तेच वाक्य. सोपं एकदाही गेलं नाही. एका बाईने दार तोंडावर बंद केलं. एकीने विचारलं, "मी सातव्या महिन्यात आहे, मला काय होईल?" धाकटीने जवळच्या डॉक्टरांचा पत्ता कागदावर लिहून दिला.

*

सकाळी सर आले तेव्हा ती त्यांच्या दाराशीच उभी होती. या वेळी सहा शब्द निघाले. पाठोपाठ बाकीचे.

सरांनी वही मागितली. शनिवारचं पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला. तेव्हा धाकटीला कळलं की दुर्बीणसुद्धा घाबरते, आणि त्याने तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. लहानपणी वादळात वडिलांच्या चेहऱ्याकडे बघावं आणि तिथेही भीतीच दिसावी, तशी.

"पानाखाली ही सही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची, सर. दर आठवड्याला तुम्ही वही तपासता."

"मी विचारायला हवं होतं. अ‍ॅसिड कुठे घातलं. एका ओळीचा प्रश्न होता." त्यांनी वही मिटली. "मला सोमवारी आकडे हवे होते."

मग त्यांनी फोन जवळ ओढला आणि त्यावर हात ठेवून थांबले.

"हा फोन केला की तुमचं सादरीकरण गेलं, तुम्हाला कळतंय ना? या आकड्यांवर छापून आलेला शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. एक वर्ष, कदाचित दोन. माझंही नाव जाईल, पण मी म्हातारा आहे. चौकशी बसेल. पदवी मिळेलच, असं मी सांगू शकत नाही."

"वस्तीत सांगितलं मी काल. बावीस घरं झाली."

"माझ्या आधी?"

"हो."

तिला वाटलं आता ते ओरडणार. सरांनी नंबर फिरवला. पलीकडून साहेबांचा आनंदी आवाज धाकटीपर्यंत ऐकू आला. सर म्हणाले, "साहेब, पलीकडच्या वस्तीचं रद्द करू नका. नाही. नाही, बसून ऐका."

त्याच दिवशी ताईच्या नळाचं पाणी आणलं होतं, रात्रभर बंद ठेवलेल्या नळाचं, पहाटेचं पहिलं. या वेळी अ‍ॅसिड बाटलीत घातलं, आणि मग एक दिवस, एक रात्र वाट पाहिली. रीतीने वागायचं तर वाट पाहावीच लागते, लेकराचा जीव टांगणीला असला तरी यंत्र आपला शिरस्ता सोडत नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी नळी लावली. ते गुणगुणत नव्हते. पडद्यावर आकडा आला, थरथरला, स्थिर झाला. अडतीस.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

काकांनी पुन्हा लावली. अडतीस.

पिल्लाच्या टाचेतून, मग दंडातून रक्त घेतलं. मुलांच्या डॉक्टरीण बाई शांत होत्या, आणि शांत डॉक्टरांची जास्त भीती वाटते. रक्तात शिसं होतं. असायला हवं त्याहून जास्त, घाबरून दवाखान्यात भरती करावं त्याहून कमी. "पाणी थांबवलंत, हेच औषध," त्या म्हणाल्या. "आता ते हळूहळू उतरेल. महिन्याने पुन्हा बघू."

"आणि जे झालं ते?" ताईने विचारलं.

"ते आज कुणी सांगू शकणार नाही. वेळेवर कळलं, एवढं म्हणा."

वेळेवर. धाकटी खाली मान घालून बसली होती. टबाचा आकडा दुपारी तीनला कळला होता. सरांच्या खोलीतून ती साडेतीनला सही घेऊन बाहेर पडली होती. ताईच्या घरी सहा वाजता पोचली होती. मधल्या वेळात पिल्लाने एक बाटली प्यायली होती, चारच्या सुमाराला. आकडा कळूनही आपण गप्प राहिलो आणि तेवढ्यात ही बाटली गेली, हे तिने ताईला अजून सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि रस्ता ओलांडताना पहिल्यांदाच तिचा हात धरला नाही.

*

महिनाभराने एकशेसाठ घरांची फेरी पुन्हा सुरू झाली. पदवीचं काही ठरलं नव्हतं, चौकशीची तारीख लागायची होती. वस्तीत आता तिला कुणी बाटलीबाई म्हणत नव्हतं. बाटली घेत आणि दार लावून घेत.

ताईच्या दारात ती पहाटे पोचली. नळाला रात्री कागदाची पट्टी लावून ठेवली होती, कुणी चुकून सोडू नये म्हणून. ताईने ती काढली, बाटली नळाखाली धरली, काठोकाठ भरली. धाकटीने हात पुढे केला.

ताईने बाटली दिली नाही.

"अ‍ॅसिड आणलंयस?"

"प्रयोगशाळेत आहे. तिथे गेल्यावर..."

"आज बारा घरं आहेत म्हणालीस. सगळ्या बाटल्या गोळा करून तू तिथे जाणार. दमणार. मग?" ताईचा आवाज चढला नव्हता. "जा, घेऊन ये. मी अशीच धरून उभी राहते."

धाकटी गेली. काकांना फोन करून उठवलं. ते न कुरकुरता आले, कुलूप काढून दिलं, जाड काचेची छोटी कुपी डब्यात नीट बसवून दिली आणि म्हणाले, "बरोबर बोलतेय तुझी ताई." पाऊण तासाने ती परतली तेव्हा ताई ओट्याला टेकून उभी होती, बाटली दोन्ही हातांत. पिल्लू आतल्या खोलीत झोपलं होतं, मधलं दार लावलेलं होतं.

धाकटीने हातमोजे चढवले. डोळ्यांवर जाड चष्मा लावला. खिडकी उघडली. ताईने बाटली ओट्यावर ठेवली, पण तळाशी बोटं लावून धरली.

"हात काढ, ताई. उडालं तर भाजेल."

ताईने बोटं काढली. एक पाऊल मागे सरकली, दोन नाही.

धाकटीने पिचकारीत अ‍ॅसिड घेतलं. आयुष्यात तिने हे हजार वेळा केलं असेल, डोळे मिटून करता आलं असतं. देवा, एवढं नीट होऊ दे, ती मनात म्हणाली, आणि या वेळी धाव्यात दुसऱ्या कुणाचं दार नव्हतं. अ‍ॅसिड पाण्यात उतरलं. काही दिसलं नाही. पाणी होतं तसंच निर्मळ.

"झालं?"

"झालं. आता उद्या सकाळपर्यंत तसंच ठेवायचं."

ताईने झाकण लावलं, पिळून घट्ट केलं. मग खणातून चिकटपट्टी काढली, झाकणावरून बाटलीवर आडवी चिकटवली आणि पेनाने तिच्यावर सही केली, अर्धी झाकणावर, अर्धी काचेवर.

"उद्या सकाळी मी येते तिकडे. ही पट्टी मी फाडेन. माझ्यासमोर यंत्राला लाव."

"ये."

"आणि खालच्या आजोबांच्या बाटलीतही त्यांच्यासमोरच घाल."

आत पिल्लू जागं झालं. काहीतरी बोलत होतं, स्वतःशीच, एकच अक्षर पुन्हा पुन्हा. दोघी ऐकत उभ्या राहिल्या. नीट बोलतंय ना, या वयाला एवढंच बोलतात ना, हे दोघींच्याही मनात आलं आणि दोघींनीही विचारलं नाही.

धाकटीने बाटली उचलली. ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि एकेक पायरी बघत जिना उतरू लागली.